एमजीबीचं हेड बांधताना: आधी गाइड, मग सीट, शेवटी फेस

जुन्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं जड झाकण, उतरलं की बहुतेक जण ते तसंच उचलून लेथवाल्याकडे नेतात आणि सांगतात, "फेस मारून द्या." नवं गॅसकेट टाकलं जातं, हेड चढतं, गाडी सुरू होते, मालक खूश. मग काही महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागतो, किंवा टॅपेट सेट करून आठवडा होत नाही तोच गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) पुन्हा कमी झालेला सापडतो. फेस मारणं, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं, हे या कामातलं शेवटचं काम. त्याच्या आधी गाइड (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती), त्यानंतर सीट (ज्या कडेवर व्हॉल्व्ह बंद होऊन बसतो ती), मग व्हॉल्व्ह. हा क्रम मोडला तर प्रत्येक पुढचं काम मागच्या कामाला बिघडवतं आणि पैसे दोनदा जातात.

उदाहरणासाठी एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन घेतो आहे. ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. बंद छताच्या जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. हेड बिडाचं आहे आणि कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे हेड उतरवताना कॅमची चेन सोडवायची किंवा गॅपसाठी शिम (पातळ चकत्या) बदलायची भानगड नाही. पहिलंच हेड स्वतः बांधायचं असेल तर यापेक्षा सरळ इंजिन मिळणं अवघड.

शिवाय आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे इंजिन परकं नाही. ॲम्बेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी. ॲम्बेसिडरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, एमजीबीचा ८०.२६. व्हॉल्व्हचा क्रम, कॅमची ढकल वर नेणारे पुशरॉड, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट, सगळी मांडणी तीच. ज्याने पन्नास ॲम्बेसिडर बांधल्या त्याच्या हाताला एमजीबी लगेच कळते. मात्र "दिसायला सारखंच आहे" म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला लावू नका. व्हॉल्व्हचा आकार आणि कम्बश्चन चेंबर वेगळं आहे.

पाना हातात घेण्याआधी

सगळे नट इंची आहेत. मेट्रिक गोटी "जवळपास बसते" म्हणून लावली की नटाचे कोपरे गोल होतात. एएफ (इंची) मापाच्या गोट्या, टॉर्क पाना, फिलर गेज, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, लांब आणि खात्रीची सरळ पट्टी, व्हर्नियर आणि शक्य असेल तर मायक्रोमीटर एवढं जवळ ठेवा. आणि त्या इंजिन नंबरला लागू पडणारं वर्कशॉप मॅन्युअल. अठरा वर्षांत हेडमध्ये बरेच बदल झाले. रॉकर कव्हर काढल्यावर हेडच्या वरच्या पृष्ठभागावर कास्टिंग नंबर दिसतो. तो आधी लिहून घ्या, कारण भाग मागवताना दुकानदार तोच विचारणार.

गाडी चालू स्थितीत असेल तर हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन तपासलंच पाहिजे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. निरोगी हाय-कॉम्प्रेशन इंजिनात १६० पीएसआयच्या आसपास आकडा येतो, पण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दुखणं पिस्टन रिंगचं आहे आणि नुसतं हेड बांधून उपयोग नाही. उलट नवं घट्ट हेड बसल्यावर थकलेल्या रिंग जास्तच तेल खातात. आकडा जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅसकेट गेलं असं समजायला हरकत नाही.

दुसरी चौकशी मालकाकडे, म्हणजे बहुधा स्वतःकडेच: एग्झॉस्ट टॅपेटचा गॅप सारखा कमी होतो का? होत असेल तर सीट आत बसते आहे. याचं कारण पुढे सीटच्या भागात येईल, पण खर्चाचा अंदाज इथेच बदलतो.

हेड उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरी सुटी करा, रेडिएटर रिकामा करा आणि ब्लॉकचा ड्रेन उघडा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधलं पाणी हेड उचलताना सिलिंडरमध्ये उतरतं. ब्लॉकच्या ड्रेनमधून काहीच येत नसेल तर तार घालून गाळ मोकळा करा. पन्नास वर्षांचा गंज तिथे बसलेला असतो.

कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. मॅनिफोल्डचे नट आदल्या रात्री भेदक तेलाने भिजवून ठेवा. स्टड तुटला तर तिथेच ड्रिल घेऊन झटापट करत बसू नका. हेड नाहीतरी वर्कशॉपला जाणारच आहे, त्यांना टेबलावर ते काढणं सोपं जातं. नटाखालचे जाड वॉशर जपून ठेवा. इनलेट आणि एग्झॉस्ट अशा दोन्ही फ्लँजवर ते एकाच वेळी दाब देतात. दोन फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो आणि एक बाजू कायम गळत राहते. नवा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड लावणार असाल तर ही जाडी व्हर्नियरने मोजून पाहा. इथली हवेची गळती कार्बोरेटरचा दोष समजून लोक महिनोन्‌महिने त्याच्या सुया बदलत बसतात.

आता नाजूक जागा. आधीच्या बहुतेक एमजीबींमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. हेडच्या पुढच्या बाजूला पितळी बल्ब बसलेला असतो आणि तिथून केसासारखी बारीक नळी थेट डॅशबोर्डवरच्या घड्याळापर्यंत जाते. बल्ब धरणारा नट गंजून नळीला चिकटलेला असतो. पाना फिरवला की नटाबरोबर नळीही पीळ घेते, तुटते आणि आतला वायू निघून जातो. घड्याळ कायमचं मेलं. म्हणून नट पाव फेरा सोडवा, नळी फिरते का ते डोळ्यांनी पाहा, फिरत असेल तर थांबा, तेल सोडा, नट मागे-पुढे करत मोकळा करा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

रॉकर कव्हर काढल्यावर रॉकर शाफ्टचे चार पेडेस्टल (आधाराचे खांब) दिसतात. हेड धरणाऱ्या ११ नटांपैकी ४ याच पेडेस्टलमधून जातात, उरलेले ७ बाहेर आहेत. नुसता रॉकर शाफ्ट काढायचा म्हणून फक्त पेडेस्टलचे नट सोडले तर बाहेरचे सात नट हेडला एका बाजूने ओढून धरतात, हेड पीळ खातं आणि पाणी सिलिंडरमध्ये व ऑइलमध्ये जायची वाट तयार होते. रॉकरचं छोटंसं काम असलं तरी आधी पाणी रिकामं करून सगळे अकरा नट सैल करायचे, हा नियम. सोडतानाही घट्ट करण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून आत, प्रत्येक नट थोडा थोडा.

पुशरॉड खालच्या टॅपेटला (कॅमवर बसणाऱ्या वाटीला) तेलाने चिकटून बसतात. सरळ ओढले तर टॅपेट जागेवरून वर येतो. हलकासा पीळ देत, एका बाजूला कलवून सोडवा आणि पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात १ ते ८ क्रमाने खोचून ठेवा. जो पुशरॉड ज्या टॅपेटबरोबर झिजला, तो तिथेच परत गेला पाहिजे.

हेड निघत नसेल तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका. तिथे पडलेला खड्डा नव्या गॅसकेटलाही बुजवता येत नाही. प्लग लावा, नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, बॅटरी तेवढ्यापुरती जोडा आणि स्टार्टर क्षणभर फिरवा. पुशरॉड निघालेले असल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद असतात आणि कॉम्प्रेशनच हेडला वर ढकलतं. इग्निशन अर्थातच बंद हवं. मग दोघांनी मिळून सरळ वर उचला. बिडाचं आहे, एकट्याने वाकून उचलाल तर कंबर धरेल.

पुसण्याआधी वाचा

गॅसकेट आणि चेंबर लगेच घासायला घेऊ नका. दोन सिलिंडरमधल्या पट्टीवर काळी रेघ गेली असेल तर गॅस तिथून पळत होता. एखादं चेंबर बाकीच्या तिघांपेक्षा लख्ख स्वच्छ दिसत असेल तर तिथे पाणी शिरून वाफेने कार्बन धुऊन टाकला आहे. इनलेट व्हॉल्व्हच्या मागे डांबरासारखा चिकट थर म्हणजे गाइडमधून तेल खाली येतंय. एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला एखाद्या ठिकाणी फिकट, वितळल्यासारखी खाच असेल तर तो व्हॉल्व्ह जळाला. प्रत्येक चेंबरचा फोटो काढा.

साफ करताना एक काळजी. जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि चेंबरमधल्या थरात शिसं. कोरडं खरवडून धूळ उडवू नका. ओलं करून, मास्क लावून काढा. ब्लॉकमध्ये पिस्टन वर आणून कडेने ग्रीस लावा, बाकीचे बोअर आणि पाण्याची भोकं चिंध्यांनी बंद करा, मग पिस्टनचा माथा साफ करा. माथ्याच्या अगदी कडेचं कार्बनचं कडं मात्र राहू द्यावं. जुने मिस्त्री हे मुद्दाम राखतात, कारण झिजलेल्या बोअरमध्ये तेवढंच ते तेल अडवून धरतं.

व्हॉल्व्ह काढताना स्प्रिंग दाबूनही कॉलेट (व्हॉल्व्हच्या दांड्यात अडकलेल्या अर्ध्या पाचरी) सुटत नाहीत, अशी वेळ नक्की येते. अशा वेळी कॉम्प्रेसर आणखी आवळत बसू नका. तो सोडा, रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर) योग्य मापाची गोटी उभी ठेवा आणि हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. कॉलेटची पकड मोडते, मग कॉम्प्रेसर सहज दबतो. व्हॉल्व्हही आठ भोकांच्या पुठ्ठ्यात.

आता भेगा. यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे, म्हणून त्या पहिल्यांदा शोधायच्या. बी-सिरीजच्या हेडमध्ये इनलेट आणि एग्झॉस्ट सीटच्या मधल्या अरुंद पुलावर भेग जाते. मोठ्या, १.६२५ इंची इनलेट व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हा पूल आणखी अरुंद असल्याने धोका जास्त. लाल डाय लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर मारला की भेग लाल रेघ होऊन वर येते. पण पाण्याच्या जॅकेटमधली भेग अशी दिसत नाही. त्यासाठी वर्कशॉपमध्ये हेडची भोकं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देतात आणि बुडबुडे पाहतात. ही चाचणी आधी. कारण गाइड, सीट सगळं करून झाल्यावर शेवटी हेडच चिरलेलं निघालं तर केलेला खर्च परत मिळत नाही. मागच्या टोकाचा वेल्श प्लगही (कास्टिंगचं भोक बंद करणारी पत्र्याची चकती) याच वेळी बदला. बाहेरून ठीक दिसला तरी आतून तो पत्र्यासारखा पातळ झालेला असतो.

गाइड

व्हॉल्व्ह सीटवरून थोडा उचलून डोकं इकडेतिकडे हलवा. खेळ जाणवतो, पण तो गाइडचा की व्हॉल्व्हच्या दांड्याचा? नवा व्हॉल्व्ह त्याच गाइडमध्ये घालून पाहा. खेळ तसाच राहिला तर गाइड गेलं. इनलेटला दांडा आणि गाइड यांमध्ये ०.०४ ते ०.०६ मिमी आणि एग्झॉस्टला ०.०५ ते ०.०८ मिमी एवढी मोकळीक नव्या अवस्थेत असते. एग्झॉस्टला जास्त ठेवतात, कारण तो दांडा तापून फुगतो.

गाइड दाबून काढण्याआधी ते हेडच्या वर किती उंच आहे, ते प्रत्येकाचं मोजून लिहा. इनलेट आणि एग्झॉस्टची उंची सारखी असेलच असं नाही. जास्त वर राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना रिटेनर किंवा सील त्याला धडकतं. बिडाचं गाइड या इंजिनाला पुरेसं आहे. ब्राँझचं चांगलं चालतं, पण त्याची मोकळीक वेगळी धरावी लागते. रोजच्या फेरफटक्याच्या गाडीला त्याची गरज नाही, असं माझं मत. तेलाचं सील इनलेटला अवश्य लावा, कारण तिथे पोर्टमधली (हवा-पेट्रोल आत येण्याच्या वाटेतली) निर्वात पोकळी तेल ओढते. एग्झॉस्टच्या बाजूला उलट दाब असतो आणि त्या तापलेल्या दांड्याला थोडं तेल हवंच असतं.

नवं गाइड बसलं की सीट पुन्हा कापावीच लागते. सीट कटरचा मधला दांडा गाइडमध्ये बसतो, म्हणून सीटचं केंद्र गाइड ठरवतं. नवं गाइड आणि जुनी सीट यांचं केंद्र केसभर सरकलं तरी व्हॉल्व्ह दर वेळी एका बाजूला आपटून मग बसतो आणि नवं गाइड पुन्हा झिजायला लागतं. कोणी "गाइड बदलले, सीट चांगल्याच होत्या" म्हणाला तर ते हेड तिथेच थांबवा.

सीट आणि बिनशिशाचं पेट्रोल

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ज्वलनात त्याचा पातळ थर सीटवर बसायचा आणि लाल झालेला एग्झॉस्ट व्हॉल्व्ह मऊ बिडाला चिकटण्यापासून वाचायचा. ब्रिटनमध्ये शिसं असलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९च्या अखेरीस थांबली, भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं आलं. तो थर गेल्यावर व्हॉल्व्ह बंद होताना सीटचे सूक्ष्म कण चिकटून उचलले जातात, सीट आत बसत जाते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. टॅपेटचा गॅप त्यामुळे कमी होतो. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि जळतो. लांब पल्ल्याला, चढावर, सतत जास्त आरपीएमवर हे झपाट्याने होतं. रविवारी सकाळी गावात फेरी मारणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही.

म्हणून सीट अजून शाबूत असेल आणि गाडी कमी चालत असेल तर इन्सर्टचा, म्हणजे सीटच्या जागी बसवायच्या कठीण रिंगचा, खर्च आत्ताच करायलाच हवा असं नाही. पण हेड उघडलंच आहे आणि हायवेवर चालवायची हौस आहे, तर चारही एग्झॉस्ट सीटना कठीण इन्सर्ट बसवून घ्या. इनलेट सीट आलेल्या हवा-पेट्रोलने थंड राहते, तिला सहसा गरज पडत नाही. इन्सर्टसाठी हेडमध्ये खाच कापून त्यात किंचित मोठी रिंग दाबून बसवतात. खोली चुकली तर कटर पाण्याच्या जॅकेटमध्ये जातो, आणि दाब कमी पडला तर रिंग चालत्या इंजिनात सुटते. हे काम घरचं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईच्या जुन्या रीबोअरिंग वर्कशॉपमध्ये डिझेल हेडला रोज इन्सर्ट बसतात. अशा ठिकाणी जा आणि काम देताना "आधी गाइड, मग सीट" असं कागदावर लिहून द्या. सोबत २१-४एन पोलादाचे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह घ्या.

सीटचा कोन ४५ अंश. संपर्काची पट्टी इनलेटला साधारण दीड मिमी, एग्झॉस्टला दोन मिमी. एग्झॉस्टची रुंद ठेवतात, कारण व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायचा मुख्य मार्ग तीच पट्टी आहे. "बारीक सीट म्हणजे रेसिंग" हे ऐकून एग्झॉस्टची पट्टी एक मिमीवर आणू नका.

आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, हेही इथेच लक्षात घ्यायचं. जुन्या सेटिंगचा एसयू (या गाडीवरचा) कार्बोरेटर त्यावर लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतो आणि लीन मिश्रणाचा पहिला मार एग्झॉस्ट व्हॉल्व्हवर पडतो. हेड झाल्यावर मिश्रण पुन्हा लावायला विसरू नका, आणि जुन्या रबरी पाइपांकडेही पाहा.

व्हॉल्व्ह घासणं

व्हॉल्व्हच्या तोंडाच्या कडेची सपाट जाडी एक मिमीपेक्षा कमी राहिली असेल तर तो फेकून द्या. पातळ कड चेंबरमध्ये निखाऱ्यासारखी लाल होते आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवते.

सीट मशीनवर नीट कापलेली असेल तर ग्राइंडिंग पेस्टचं काम फक्त तपासणीपुरतं उरतं. बारीक पेस्टचे चार ठिपके, सक्शनची काठी दोन तळव्यांत धरून मागे-पुढे, दर थोड्या वेळाने व्हॉल्व्ह उचलून पाव फेरा फिरवून पुन्हा. आवाज आधी खरखरीत येतो, मग मऊ होतो. त्या मऊ आवाजावर थांबा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर अखंड, एकसारखी करडी रेघ दिसली की झालं. जाड पेस्टने अर्धा तास घासून खड्डे बुजवायचा प्रयत्न केला तर व्हॉल्व्हच्या तोंडावर घळ पडते आणि सीट उगाच रुंद होते. नंतर पेस्टचा कणही राहता कामा नये. रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, लगेच तेल लावा, नाहीतर बीड तासाभरात तांबूस होतं.

गळती तपासायला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवून हेड उलटं ठेवा, प्लग लावा आणि चेंबर रॉकेलने भरा. दहा मिनिटांनी पोर्टमध्ये बोट घाला. ओलं लागलं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासायचा.

फेस, आणि तो किती

सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज सरकवा. ०.०५ मिमीची पात सहज जात असेल तर फेस मारा. ब्लॉकवरही हीच तपासणी करा. वाकडा ब्लॉक असेल तर सरळ हेड काही उपयोगाचं नाही. स्टडच्या भोवती ब्लॉकचा पृष्ठभाग वर ओढला गेलेला असतो. स्टड काढून भोकाच्या तोंडाला हलका उतार द्या.

लेथवाल्याला "स्वच्छ होईस्तोवर" एवढंच सांगा. उगाच जास्त नको. हिशोब असा: एका सिलिंडरचं आकारमान ४४९.५ सीसी. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ८.८ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ५७.६ सीसी. फेस मारल्याने त्यातले २ सीसी गेले की गुणोत्तर ९.१च्या जवळ पोचतं. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चढाला टकटक सुरू होईल आणि इग्निशनचं टायमिंग मागे घ्यावं लागेल, म्हणजे मिळवलेलं तिथेच परत. आधीच्या मालकांनी किती वेळा फेस मारलाय हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच. भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती ग्रीसने चेंबरवर चिकटवा आणि ब्युरेटने रॉकेल भरून मोजा. चारही चेंबर एकमेकांच्या अर्ध्या-एक सीसीत असले पाहिजेत.

पोर्ट घासून आरशासारखे चकचकीत करण्याचा मोह अनेकांना होतो. या हेडचं हृदयाच्या आकाराचं चेंबर ब्रिटिश इंजिनतज्ज्ञ हॅरी वेस्लेक यांच्या संशोधनातून आलं आहे. दोन-दोन सिलिंडरना मिळून एक इनलेट पोर्ट आणि मधल्या दोघांना मिळून एक एग्झॉस्ट अशी मुळातच तडजोड आहे. गॅसकेटशी पोर्टची कड जुळवा, सीटखालचा ओबडधोबड ओठ काढा. त्यापुढे जायचं तर फ्लो बेंच (पोर्टमधून हवा किती जाते ते मोजणारं यंत्र) असलेल्या माणसाकडे जा.

रॉकर शाफ्ट

हा भाग लोक पुसून परत लावतात. शाफ्ट काढून उलटा करा. खालच्या बाजूला, जिथे रॉकर दाबतात तिथे, नखाला अडकणाऱ्या पायऱ्या पडलेल्या असतात. आतून तो पोकळ आहे आणि गाळाने भरलेला. टोकाचे प्लग काढून आतून साफ करा, तेलाची सगळी भोकं तारेने मोकळी करा. पायरी जाणवली तर शाफ्ट नवा.

रॉकरची टोकंही पाहा. व्हॉल्व्हवर आपटून त्यात गोल खळगा पडतो. फिलर गेजची सपाट पात त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, म्हणजे तुम्ही ०.३८ लावता आणि खरा गॅप कितीतरी जास्त राहतो. "टॅपेट बरोबर आहेत तरी आवाज येतोच" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

चढवणं

दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा. स्टडच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं नको. गॅसकेटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, तशीच ठेवा. बनवणाऱ्याने सांगितलं नसेल तर सीलंट लावू नका. हेड सरळ खाली उतरवा, पुशरॉड आपापल्या जागी सोडा, तळ टॅपेटच्या वाटीत बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. रॉकरचे सगळे अ‍ॅडजस्टर मागे घेऊन मग शाफ्ट ठेवा, नाहीतर पुशरॉड वाकतो.

अकरा मोठे नट मधून सुरू करून गोल बाहेर जात, तीन टप्प्यांत: २०, मग ३५, मग ४५ ते ५० फूट-पौंड, म्हणजे शेवटी ६१ ते ६८ न्यूटन-मीटर. आट्यांना तेलाचा हलका हात. पेडेस्टलचे या अकरांव्यतिरिक्तचे छोटे चार नट २५ फूट-पौंड, ३४ न्यूटन-मीटर. त्यांना मोठ्यांचा टॉर्क दिला की स्टड निघून हातात येतो. मॅनिफोल्डला १५ फूट-पौंड पुरे.

टॅपेटचा गॅप बहुतेक एमजीबींना थंड इंजिनात ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. उशिराच्या काही गाड्यांना वेगळा आहे, तो मॅन्युअलमध्ये पाहा. पुढून मोजलं तर व्हॉल्व्हचा क्रम एग्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एग्झॉस्ट आणि पुन्हा तसाच. सेट करायला नऊचा नियम: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊतून वजा करा, उरेल तो सेट करा. १ उघडा असताना ८, ३ असताना ६, ५ असताना ४, २ असताना ७. पुढचे चार याच जोड्या उलट धरून.

पहिल्यांदा सुरू करताना

रॉकरवर हाताने तेल ओता. प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा उठून रॉकरमधून तेल झिरपताना दिसेपर्यंत. थेंबही आला नाही तर गाडी सुरू करू नका. पेडेस्टलखालचं तेलाचं भोक गॅसकेटच्या तुकड्याने बुजलंय का ते पाहा.

अर्धं कूलंट, अर्धं पाणी भरा. आपल्याकडे थंडी नाही म्हणून नुसतं नळाचं पाणी भरायची सवय आहे, पण बिडाच्या इंजिनाला कूलंट गंजासाठी लागतं. थर्मोस्टॅट मूळचा ८२ अंशांचा, उष्ण देशांसाठी कंपनी ७४चा द्यायची. विदर्भ-मराठवाड्यात चालणार असेल तर ७४चाच लावा. पण पूर्ण काढून टाकू नका. इंजिन कायम थंड राहिलं तर तेलात पाणी साचतं आणि बोअर झिजतात.

सुरू झाल्यावर हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवा निघू द्या, मॅनिफोल्डच्या कडेने हात फिरवून फुसफुस ऐका, टायमिंग पाहा. पूर्ण गरम होऊ द्या, बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. गॅसकेट बनवणाऱ्याने "पुन्हा टॉर्क नको" असं लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर प्रत्येक नट एकेक करून किंचित सैल करा आणि पूर्ण टॉर्कला आणा, त्याच मधून-बाहेर क्रमाने. एका वेळी एकच नट. हेड थोडं बसतं, त्यामुळे यानंतर टॅपेट पुन्हा तपासावेच लागतात. ८०० किलोमीटरला हेच दोन्ही एकदा परत. त्या वेळी आठही व्हॉल्व्हचे गॅप सेट करण्याआधी जसे सापडले तसे वहीत लिहून ठेवा. एग्झॉस्टचा एखादा आकडा पुढच्या दोन सर्व्हिसला सलग कमी होताना दिसला, तर ती सीट कोणत्या सिलिंडरची हे तुम्हाला हेड उतरवण्याआधीच कळलेलं असेल.